पाणी पाजलं, पण कडक होईना!

आमचं गाव लोहारा, जिल्हा धाराशिव. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहिताना अजून धाप लागते. वाचकांनी सांभाळून घ्यावं. सुट्टीत गावी गेलो की लोहारकाकांच्या भात्यापाशी बसायचो. कोयता लालभडक करून ते पाण्यात बुडवायचे. चर्र आवाज आला की पातं कडक! याला पाणी पाजणं म्हणतात.

लॅबमध्ये मी हीच हुशारी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर केली. तापवला, पाण्यात टाकला, हार्डनेस मोजला. तुकडा मऊच! सर नुसते हसले आणि चार दिवसांनी पुन्हा मोजायला सांगितलं. तेव्हा तोच तुकडा चांगला कडक झाला होता. मित्रांनो, ही जादू ज्यांनी पहिल्यांदा पकडली, त्या आल्फ्रेड विल्म यांची ही गोष्ट.

विल्म यांचा जन्म 1869 चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या सायलेशियातला. 1901 पासून ते बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग इथल्या संशोधन केंद्रात होते. काम लष्करी होतं: काडतुसाच्या पितळी पुंगळीऐवजी अ‍ॅल्युमिनियम चालेल का ते पाहायचं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम म्हणजे मेणासारखं मऊ. म्हणून त्यांनी त्यात दुसरे धातू मिसळले आणि पोलादासारखं तापवून पाण्यात विझवून पाहिलं. फारसं काही हाती लागेना.

1906 साली त्यांनी सुमारे 4 टक्के तांबं आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम असलेला नमुना 500 अंशांच्या वर तापवून विझवला. असं सांगतात, की तो शनिवार होता. थोडी मोजमापं झाली आणि सगळे घरी गेले. सोमवारी बघतात तर हार्डनेस वाढलेला! कुणीही आधी मशीनवरच संशय घेतला असता. विल्मनी मात्र प्रयोग पुन्हा पुन्हा केले. धातू नुसता ठेवूनच कडक होत होता.

1909 च्या सुमारास पेटंट झालं. ड्यूरेन गावच्या कारखान्याने धातू बनवला, नाव पडलं ड्युरॅल्युमिन. काडतूस पितळेचंच राहिलं, पण झेपेलिनचे सांगाडे या धातूचे झाले. 1919 मध्ये युंकर्सचं एफ-13 हे संपूर्ण धातूचं प्रवासी विमान उडालं. आणि त्याच वर्षी विल्म धातुशास्त्र सोडून शेतीकडे वळले!

असं का होतं, हे त्यांना नीट सांगता आलं नव्हतं. तापवल्यावर तांबं अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतं. एकदम थंड केलं की त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग हळूहळू तांब्याचे अणू जागोजागी गोळा होतात आणि स्फटिकातली घसरण अडवतात. 1919 मध्ये अमेरिकेत मेरिका आणि सहकाऱ्यांनी याचा अंदाज बांधला. क्ष-किरणांनी पुरावा दिला तो फ्रान्सच्या गिनिए आणि इंग्लंडच्या प्रेस्टन यांनी, 1938 साली. विल्म 1937 मध्येच गेले होते. फक्त एक वर्ष!

आज आपण हा वेळ पाहिजे तसा वळवतो. 6061 मिश्रधातू मऊ अवस्थेत साधारण 125 मेगापास्कलला तुटतो. विझवून 170 अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवला की 310 पर्यंत जातो. जास्त वेळ ठेवला तर पुन्हा मऊ. उलट विमानाचे काही रिव्हेट ठोकेपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणजे ते आधीच कडक होत नाहीत. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, तिथपर्यंत ही विद्या अशीच पोचली.

आता खरं सांगतो. त्या दिवशी मऊ रीडिंग बघून मी सीनियरच्या जर्नलमधला आकडा उतरवायला पेन उघडलं होतं. हॉस्टेलवर हे कोण करत नाही? पण सोमवारचा आकडा शनिवारशी जुळत नाही म्हणून विल्मनी तो 'अ‍ॅडजस्ट' केला असता तर? तेव्हापासून माझ्या जर्नलमध्ये दोन्ही रीडिंग आहेत, मऊ आणि कडक. मार्क कमी पडले तरी चालेल.