क्षयावरील लसीचे जनक डॉ. आल्बेर काल्मेत

पुष्कळ विद्यार्थ्यांच्या डाव्या दंडावर, खांद्याच्या किंचित् खालीं, एक लहानसा वण असतो. जन्मानंतर टोंचलेल्या बी. सी. जी. लसीचा तो वण होय. यांतील पहिलें अक्षर जंतु या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचें असून पुढचीं दोन अक्षरें दोन गृहस्थांच्या नांवांचीं आहेत. त्यांपैकीं डॉ. आल्बेर काल्मेत यांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

काल्मेत यांचा जन्म १२ जुलै १८६३ रोजीं फ्रान्स देशांतील नीस शहरीं झाला. आरमारांत डॉक्टर होऊन त्यांनीं चीन, आफ्रिका इत्यादि दूर ठिकाणीं नोकरी केली. १८९१ सालीं पाश्चर संस्थेची शाखा व्हिएतनामांतील सायगांव येथें उघडण्याचें काम त्यांजकडे आलें. त्या प्रांतीं एका गांवांत पुराबरोबर नाग शिरून अनेकांस दंश झाल्याची हकीकत कळल्यावर त्यांनीं सर्पविषाचा अभ्यास हातीं घेतला. जनावरास थोडें थोडें विष टोंचून त्याच्या रक्तापासून सर्पदंशावरील औषध त्यांनीं सिद्ध केलें. मुंबईस परळच्या हाफकिन संस्थेंत पुढें घोड्यांच्या रक्तापासून तसेंच औषध होऊं लागलें. आमच्या मतें एवढ्या एका कामानेंही त्यांचें नांव राहिलें असतें.

१८९५ सालीं ते उत्तर फ्रान्समधील लील शहरीं पाश्चर संस्थेचे प्रमुख झाले. हें गिरण्यांचें गांव. मजुरांच्या दाट वस्तींत क्षयाचा सुळसुळाट होता. १९०१ सालीं त्यांनीं तेथें क्षयरोग्यांसाठीं दवाखाना काढला. परंतु आजारी पडलेल्यास औषध देण्यापेक्षां मूल मुळांत आजारीच पडूं नये, हा विचार त्यांस स्वस्थ बसूं देईना. गुरांचे डॉक्टर कामीय गेरँ हे १८९७ पासूनच त्यांचे सहकारी होते.

१९०८ च्या सुमारास या दोघांनीं गाईच्या क्षयाचे जंतु ग्लिसरीन लावलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढविण्यास प्रारंभ केला. जंतूंचे गोळे होऊं नयेत म्हणून त्यांनीं त्यांत बैलाचें पित्त मिसळलें. हेतु एवढाच होता. पण त्या पित्तांत वाढतां वाढतां जंतूंचा जहालपणा कमी होत आहे, असें त्यांस आढळलें. मग दर तीन आठवड्यांनीं ते जंतु नव्या कापांवर उतरवावयाचे, असा क्रम सुरू झाला. हा क्रम तेरा वर्षें चालला आणि सुमारें २३० वेळां हें काम झालें! अखेरीस ते जंतु जनावरांस टोंचले तरी क्षय होईना.

या तेरा वर्षांत पहिलें महायुद्ध येऊन गेलें. १९१४ सालीं लील जर्मन सैन्याच्या ताब्यांत गेलें. बटाटे महागले, पित्त मिळणें कठीण झालें; प्रयोगशाळेंतील पारव्यांवरूनही संशय घेण्यांत आला, कारण पारवे निरोप नेतात! काल्मेत यांच्या पत्नीस तर ओलीस म्हणून जर्मनींत नेण्यांत आलें. तथापि जंतूंचें काम खंडलें नाहीं.

१९२१ सालीं पॅरिस येथें एका नवजात अर्भकास ही लस प्रथम तोंडावाटे देण्यांत आली. त्याची आई क्षयानें वारली होती आणि ज्या आजीनें त्याचा सांभाळ करावयाचा तीही क्षयी होती. तें मूल क्षयापासून बचावलें. १९२४ ते १९२८ या काळांत १,००,००० हून अधिक अर्भकांस लस मिळाली.

आणि मग १९३० सालीं जर्मनींतील ल्युबेक शहरीं अनर्थ झाला. तेथें सुमारें २५० अर्भकांस लस पाजण्यांत आली होती; त्यांतील ७० हून अधिक दगावलीं. ज्या आईबापांनीं विश्वासानें आपलीं लेंकरें पुढें केलीं त्यांच्या दुःखाची कल्पनाच करावी. मूळ जंतु पॅरिसहून आलेले, त्यामुळें सर्व रोष काल्मेत यांजवर आला. ते तेव्हां सदुसष्टीच्या घरांत होते. चौकशीअंतीं असें सिद्ध झालें कीं, लस तेथील स्थानिक प्रयोगशाळेंत तयार झाली आणि तेथेंच ठेवलेले जहाल क्षयजंतु तींत मिसळले गेले. १९३२ सालीं न्यायालयानें तेथील दोघा डॉक्टरांस शिक्षा दिली. काल्मेत यांची लस निर्दोष ठरली. पण त्या दोन वर्षांच्या मनस्तापानें ते फार खचले, असें सांगतात. २९ ऑक्टोबर १९३३ रोजीं पॅरिस येथें त्यांचें देहावसान झालें.

हिंदुस्थानांत १९४८ सालीं मद्रासजवळ गिंडी येथें ही लस तयार होऊं लागली, व १९५१ पासून देशभर टोंचण्याची मोहीम निघाली. पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही लस सर्व क्षयावर रामबाण नव्हे. मद्रास इलाख्यांतील चेंगलपट्टु भागांत १९६८ पासून झालेल्या मोठ्या पाहणींत, मोठ्या माणसांच्या फुप्फुसांच्या क्षयास तिनें आळा बसल्याचें दिसलें नाहीं. लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणास होणारा क्षय मात्र अत्यंत घातक असतो, व त्यापासून ती चांगलें रक्षण करते. म्हणूनच ती जन्मतांच टोंचतात. मात्र सतत खोकला किंवा ताप असल्यास, लस टोंचलेली आहे एवढ्यावर विसंबून न राहतां डॉक्टरांस दाखवावें.

गेरँ हे काल्मेत यांच्यामागें अठ्ठावीस वर्षें जगले. १९६१ सालीं ते वारले, तोंवर आपल्या लसीच्या मोहिमा अनेक देशांत चाललेल्या त्यांनीं पाहिल्या होत्या.