कापडवाल्याचा मुलगा

सॅन फ्रान्सिस्को म्हटलं की अर्ध्या हॉस्टेलचे डोळे चमकतात! पण ज्या संताच्या नावावरून ते नाव पडलं, त्याने स्वतःजवळ काहीच ठेवलं नव्हतं. तो म्हणजे इटलीतल्या असिसी गावचा फ्रान्सिस.

जन्म ११८१च्या सुमारास. वडील पिएत्रो कापडाचे श्रीमंत व्यापारी. पोरगा हौशी, मित्रांवर उधळणारा. १२०२ मध्ये शेजारच्या पेरुजियाशी झालेल्या लढाईत तो पकडला गेला आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिला. सुटला तर आजारपण. नंतर जुन्या मौजमजेत त्याचं मन रमेना. कुष्ठरोग्यांची त्याला भयंकर किळस यायची, पण तो मुद्दाम त्यांच्यात जाऊन सेवा करू लागला. आपलं नवं आयुष्य तिथूनच सुरू झालं, असं त्याने शेवटी मृत्युपत्रात नोंदवलंय.

मग एक गडबड केली पठ्ठ्याने. सान दामियानोचं पडकं चर्च दुरुस्त करायला दुकानातलं कापड आणि घोडा विकून टाकला. वडील खवळले, त्याला घरात कोंडलं, शेवटी १२०६ मध्ये प्रकरण बिशपसमोर गेलं. मला इथे वडिलांचंही म्हणणं पटतं. बापाच्या पैशाने केलेलं दान कसलं दान? फ्रान्सिसने पैसे परत केले. आणि अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांसमोर ठेवले! बिशपने आपल्या झग्याने त्याला झाकलं. कोणी सांगितलं नव्हतं, सक्ती तर नव्हतीच. येशूसारखं गरिबीत जगायचं हे त्याने स्वतः ठरवलं होतं. त्यानंतर जे दिलं ते त्याचं स्वतःचं होतं.

आणि गंमत म्हणजे हा माणूस रडका झाला नाही. गाणी म्हणत हिंडायचा. सोबती जमले, १२०९ मध्ये पोपची तोंडी परवानगी मिळाली. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना इजिप्तमध्ये तो नि:शस्त्र सुलतान अल-कामिलला भेटायला गेला आणि सुखरूप परत आला. शेवटी दृष्टी जवळजवळ गेलेली, शरीर थकलेलं, तरी त्याने सूर्याला भाऊ मानणारं स्तोत्र रचलं.

३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी तो गेला. त्याआधी त्याने स्वतःला उघड्या जमिनीवर ठेवायला लावलं होतं. जुन्या चरित्रात लिहिलंय की मग एका सोबत्याने त्याला अंगरखा दिला, तोसुद्धा उसना म्हणून.