विद्युत कणांची वाट मांडणारे हेंड्रिक लोरेन्ट्झ

हेंड्रिक आंतोन लोरेन्ट्झ यांचा जन्म १८ जुलै १८५३ रोजी नेदरलँड्समधील आर्नहेम येथे झाला. वडिलांची रोपवाटिका होती. लायडन विद्यापीठाची पदवी घेऊन ते गावी परतले आणि रात्रशाळेत शिकवीत त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला. १८७८ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते लायडनला सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

मॅक्सवेल यांनी विद्युत व चुंबकीय क्षेत्रांची समीकरणे मांडली होती. परंतु पदार्थाच्या आत विद्युतभार नेमका कसा वसतो, हे धूसरच होते. लोरेन्ट्झ यांनी पदार्थात सूक्ष्म विद्युतभारित कण आहेत असे मानले आणि त्यांच्यावरील बलाचे सूत्र सिद्ध केले. विद्युत क्षेत्र स्थिर कणालाही ढकलते. चुंबकीय क्षेत्राची रीत निराळी. स्थिर कणावर त्याचा काहीच प्रभाव नाही. कण धावू लागला, की ते त्याच्या गतीशी आणि स्वतःच्या दिशेशीही काटकोनात बल लावते. त्यामुळे कणाची चाल बदलत नाही, केवळ वाट वळते. क्षेत्राला लंब धावणारा कण तर वर्तुळातच फिरू लागतो. दहावीच्या वर्गात फ्लेमिंगच्या नियमासाठी आपण डाव्या हाताची तीन बोटे ताणतो, त्यामागे हेच बल आहे.

१८९६ मध्ये त्यांचे शिष्य झीमान यांना चुंबकीय क्षेत्रात सोडियमच्या वर्णरेषा रुंदावलेल्या दिसल्या. लोरेन्ट्झ यांनी आपल्या कणांच्या आधारे त्याची उपपत्ती दिली. १९०२ चे नोबेल पारितोषिक गुरुशिष्यांना विभागून मिळाले.

प्रस्तुत लेखकाला मात्र त्यांचे उत्तरायुष्यातील एक काम त्याहून थोर वाटते. १९१६ च्या वादळी पुराने झायडरझे या उपसागराकाठची गावे बुडाली. उपसागराच्या मुखाशी बांध घालण्याचे ठरले. पण मग बाहेरच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी किती चढेल? तेथील माणसांचे प्राण या उत्तरावर अवलंबून होते. १९१८ मध्ये समितीचे अध्यक्षपद लोरेन्ट्झ यांनी स्वीकारले आणि आठ वर्षे, सत्तरी उलटून गेल्यावरही, खाड्यांतील प्रवाहांचे किचकट गणित केले. सुमारे ३२ किलोमीटरचा तो बांध १९३२ मध्ये पूर्ण झाला आणि भरतीविषयीचे त्यांचे अंदाज खरे ठरले.

ते पाहण्यास ते हयात नव्हते. ४ फेब्रुवारी १९२८ रोजी हार्लेम येथे त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या दिवशी, दुपारी बाराच्या ठोक्याला, नेदरलँड्समधील तारायंत्रे तीन मिनिटे बंद ठेवण्यात आली.