पाच वर्षांची वाट

स्मृतिभ्रंशाच्या एका आजाराला ‘अल्झायमर’ म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेल. पण हे नाव आहे एका डॉक्टरांचं.

आलोइस अल्झायमर यांचा जन्म 1864चा, जर्मनीतला. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ते नोकरीला होते. 1901 मध्ये तिथे ऑगस्टे डेटर ही बाई दाखल झाली. वय अवघं 51, आणि स्वतःचं नावही धड लिहिता येईना! मेंदूत नेमकं काय बिघडलंय? बघणार कसं? जिवंत माणसाच्या कवटीत डोकावायची सोयच नव्हती तेव्हा. पुढे अल्झायमर म्युनिकला गेले, तरी तिची खबर घेत राहिले. 1906 मध्ये ती वारली. तिचा मेंदू मागवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींभोवती गाळ साचलेला, आत धाग्यांचा गुंता. ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, तर कुणी एक प्रश्नही विचारला नाही. 1910 मध्ये क्रेपेलिन यांनी या आजाराला त्यांचं नाव दिलं. 1915 मध्ये ते गेले, तेही 51व्या वर्षीच.

आज तोच गाळ पेट स्कॅनमध्ये माणूस जिवंत असतानाच दिसतो. आजार पूर्ण बरा होत नाही अजून, पण ओळखता येतो. तेव्हा घरातलं कुणी तेच तेच विचारू लागलं, तर ‘म्हातारचळ’ म्हणून हसू नका. डॉक्टरांकडे न्या.