गणिताच्या गोळ्या आणि डॉ. ब्रॅडली



दर अंकात आपण एका थोर व्यक्तीचा परिचय करून घेतो. या वेळचे नाव आपल्या घराघरांत माहीत नसेल, पण मुलांच्या मनोविकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते चांगले परिचित आहे. ते म्हणजे अमेरिकेचे डॉ. चार्ल्स ब्रॅडली. हेच नाव निवडण्याला कारण घडले. मागच्या पालक सभेनंतर एक आई मागे थांबल्या. मुलाचे अभ्यासात लक्ष टिकत नाही, डॉक्टरांनी गोळी सुचवली आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा तिला सक्त विरोध आहे, असे त्यांनी सांगितले. आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. म्हणून थोडे वाचन केले आणि ब्रॅडली भेटले.

त्यांची गोष्ट एका लहान मुलीपासून सुरू होते. टेलिफोनच्या आरंभीच्या काळात त्या व्यवसायात संपत्ती मिळवलेल्या जॉर्ज ब्रॅडली यांची एमा ही एकुलती एक कन्या. सातव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला आणि ती कायमची अधू झाली. तिच्यासारख्या मुलांसाठी उपचाराचे ठिकाण कुठेच नव्हते. १९०६ मध्ये वारलेल्या या पित्याने मृत्युपत्रात आपली संपत्ती अशा मुलांच्या कामासाठी ठेवली. त्यातून १९३१ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे एमा पेंडलटन ब्रॅडली होम सुरू झाले. केवळ मुलांच्या मनोविकारांसाठी असलेले ते अमेरिकेतील पहिले रुग्णालय.

चार्ल्स ब्रॅडली हे याच घराण्यातले. जन्म १९०२ चा. हार्वर्डमधून वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुलांचे डॉक्टर झाले आणि पुढे या संस्थेचे प्रमुख झाले. मुले तिथे राहत, खेळत आणि संस्थेच्याच शाळेत शिकत. त्यांच्यासोबत परिचारिका असत, शिक्षकही असत.

त्या काळी मेंदूचे चित्र घेण्यासाठी पाठीच्या कण्यातील द्रव काढून तिथे हवा भरत. त्यानंतर मुलांचे डोके असह्य दुखे. उत्तेजक औषधाने तो द्रव लवकर भरून येईल, या आशेने ब्रॅडलींनी बेंझेड्रिन नावाचे औषध देऊन पाहिले. डोकेदुखी काही फारशी थांबली नाही. पण शिक्षकांनी एक वेगळीच बातमी आणली. काही मुले वर्गात शांत बसू लागली होती आणि मन लावून गणिते सोडवू लागली होती. मुलांनी स्वतःच त्या औषधाला गणिताच्या गोळ्या असे नाव ठेवले.

दुसरा कोणी असता तर हा योगायोग म्हणून सोडून देता. ब्रॅडलींनी ५ ते १४ वर्षांच्या ३० मुलांचे नीट निरीक्षण केले. एक आठवडा औषधाविना, एक आठवडा औषधासह, पुन्हा एक आठवडा औषधाविना. १४ मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली. औषध बंद होताच ती ओसरली. १९३७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत होते, याचे त्यांना स्वतःलाही नवल वाटले. मात्र सरसकट औषध दिले तर मुलाच्या त्रासाचे मूळ कारण झाकले जाईल, असा इशाराही त्यांनी त्याच लेखात दिला.

या शोधाकडे बरीच वर्षे फारसे कोणी वळले नाही. ब्रॅडली पुढे ओरेगॉन राज्यात पोर्टलंडला गेले आणि १९७९ मध्ये निवर्तले. दुसऱ्याच वर्षी अवधानाच्या या अडचणीला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले. आज आपण तिला एडीएचडी म्हणतो.

आता बेंझेड्रिनऐवजी मुख्यतः मिथिलफेनिडेट हे औषध दिले जाते. मेंदूच्या पुढच्या भागात लक्ष आणि संयम राखणाऱ्या रसायनांचे काम ते वाढवते. परिणाम काही तासांचाच असतो. भूक मंदावणे, झोप कमी होणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन, उंची आणि रक्तदाबावर डॉक्टर लक्ष ठेवतात. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि त्यावर अमली पदार्थविषयक कायद्याचे नियंत्रण आहे. गोळी धडा शिकवत नाही. ती मुलाला धड्यापाशी बसू देते, इतकेच. शिकवायचे काम आपलेच राहते.

इथे एक कबुली द्यायला हवी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशाच एका मुलाला आम्ही वांड ठरवून कितीदा तरी वर्गाबाहेर उभे केले. तो बाहेर उभा राहून काय शिकला असेल? ब्रॅडलींच्या शिक्षकांनी मुलांकडे पाहिले होते. आम्ही फक्त शिक्षा केली.

त्या आईंना आता आमचे उत्तर असे आहे. गोळी द्यावी की नाही हे शाळा ठरवणार नाही, शेजारीही ठरवणार नाहीत. ते तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलून आपण ठरवा. शंका वाटल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. मूल वर्गात कसे वागते याची प्रामाणिक नोंद आमचे शिक्षक आपल्याला देतील. त्याला पुढच्या बाकावर जागा आणि लहान लहान तुकड्यांत काम देणे हे आमच्याकडे लागले.

आणि विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्याची गोळी परीक्षेसाठी कधीही घेऊ नका, त्यात धोका आहे. वर्गातला कुणी औषध घेत असेल तर त्याला चिडवू नका. चष्मा लावणाऱ्याला आपण चिडवत नाही, तसेच हे आहे.