पुण्यश्लोक अहिल्याबाईंची भूतदया

काशीविश्वेश्वराचे मंदिर आणि गयेचे विष्णुपद मंदिर यांचे नाव निघाले की पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे स्मरण होते. परंतु ज्या अंतःकरणाने ही देवालये उभारली, तेच अंतःकरण शेतातील तहानलेल्या बैलासाठीही कळवळत होते, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी येथे झाला. सुभेदार मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या, तेव्हा वृद्ध सासऱ्यांनी त्यांना कळवळून परावृत्त केले. 1766 मध्ये मल्हारराव निवर्तले आणि 1767 मध्ये एकुलता एक पुत्र मालेरावही गेला. राज्याचा भार शिरावर घेऊन त्यांनी नर्मदातीरी महेश्वरी वास्तव्य केले. पुढे नातू गेला, जावई गेले आणि 1791 मध्ये कन्या मुक्ताबाई, आईने परोपरीने विनवूनही, सती गेली. इतक्या आघातांनी एखाद्याचे मन दगड झाले असते, तरी त्यास कोणी दोष दिला नसता. अहिल्याबाईंचे मन मात्र परदुःखाने अधिकच द्रवत गेले.

त्यांची दया ऋतुमान पाहून चाले. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यांवर माणसे नेमलेली असत. थंडीस आरंभ होताच आश्रितांना व दुर्बलांना वस्त्रे मिळत. महेश्वराच्या परिसरात शेतकरी नांगर धरून उभा असता, बाईंचे सेवक येऊन जोत थांबवीत आणि बैलांना पाणी पाजीत. नर्मदेतील माशांनाही अन्नाचा वाटा होता.

पाखरांची गोष्ट विशेष मनन करण्याजोगी आहे. पिकावर उतरणारे थवे शेतकरी हाकलून देत, आणि त्यात त्यांचे चुकत होते असे नाही, कारण त्या दाण्यांवरच त्यांची मुलेबाळे जगत. अहिल्याबाईंनी शेतकऱ्यांना पाखरांसाठी नुकसान सोसण्यास सांगितले नाही. त्यांनी उभ्या पिकाची शेते मोल देऊन घेतली आणि ती पाखरांसाठी मोकळी ठेवली. पाखरांचे पोट भरले आणि शेतकऱ्याचाही घास गेला नाही. स्वतःच्या पुण्याचा भार त्यांनी दुसऱ्याच्या माथी टाकला नाही.

न्यायासनावरही हीच वृत्ती होती. एका धनाढ्य सावकाराची निपुत्रिक विधवा दत्तक घेऊ इच्छीत होती. मोठा नजराणा दिल्यावाचून संपत्ती राहणार नाही, असा धाक अधिकाऱ्यांनी तिला घातला. ती महेश्वरी येऊन बाईंच्या पायाशी बसली. बाईंनी दत्तक मान्य केला, नजराणा नाकारला आणि तिला सन्मानाने परत पाठविले. वैधव्य म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

पुढे माळव्यात आलेले इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांना बाईंची ही कीर्ती प्रथम अतिशयोक्त वाटली. म्हणून त्यांनी सर्व थरांतील लोकांकडे चौकशी केली. स्तुतीला उणेपणा आणील असे काहीच त्यांना आढळले नाही, आणि 1823 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या हकीकती लिहून ठेवल्या. अहिल्याबाईंनी 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरी देह ठेवला.

आपण सामान्य गृहस्थ देवालये बांधू शकणार नाही. परंतु बैलाला पाणी पाजण्यास राज्य लागत नाही. चैत्र लागण्यापूर्वी दाराशी पाण्याचा माठ ठेवावा, पाखरांसाठी गच्चीवर मूठभर दाणे टाकावेत, थंडी पडण्याआधी घरी काम करणाऱ्या माणसाला पांघरूण द्यावे, ओझे आणणाऱ्याला घटकाभर बसवावे. गरजवंताने हात पसरण्यापूर्वीच त्याची गरज ओळखावी आणि आपल्या दानधर्माची झळ दुसऱ्यास लागू देऊ नये. एवढे प्रत्येक कुटुंबाने केले, तर मंदिरातील आपली पूजा घरीदारीही चालू राहील.