विश्लेषण : अब्दुल करीम खाँ यांचा नाजूक सूर व्हॉल्व्हमुळे कसा टिकला?

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आज मोबाइलवर सहज ऐकता येतात. मात्र त्यांचा मुलायम आवाज ध्वनिमुद्रिकेवर नीट उतरण्यास बरीच वर्षे जावी लागली.

खाँसाहेब कोण होते?

जन्म १८७२ मध्ये, उत्तर प्रदेशातील कैराना येथे. काही काळ ते बडोदा दरबारात होते. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालवले आणि पुढे मिरजेत स्थायिक झाले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य, तर हिराबाई बडोदेकर या कन्या. १९३७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात त्यांचे निधन झाले. दफन मिरजेत झाले.

व्हॉल्व्हने काय बदलले?

१९०५ च्या सुमारास त्यांनी पहिल्या ध्वनिमुद्रिका कर्ण्यात गायल्या. कर्ण्याला जोरकस आवाज लागे. हलकी मींड, तंबोऱ्याची आस त्यात हरवे. १९२५ पासून मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरवर मुद्रण सुरू झाले. त्यामुळे खाँसाहेबांच्या साठीतील मुद्रणांत हळुवार स्वरही टिपले गेले.

हेडफोन कोणता जुळतो?

मिरजेपासून सुमारे १०० किलोमीटरवरील गगनबावड्याच्या मुसळधार पावसात कान पूर्ण झाकणारा, मागून बंद हेडफोन बरा. जुन्या मुद्रिकांची खरखर वरच्या पट्ट्यात जास्त जाणवते. तिखट आवाजाचा हेडफोन ती वाढवतो. मधला पट्टा भरीव असलेला निवडावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला ३०० ओहमच्या आसपासचा हेडफोन जुळतो. ३२ ओहमचा जोडल्यास आवाज बहुधा विस्कटतो, आणि जपून ठेवलेला तोच सूर पुन्हा हरवतो.